लांबच्या प्रवासासाठी स्पोर्ट्स कारची सीट कशी लावावी : कोल्हापुरातल्या नव्या मालकांसाठी

स्पोर्ट्स कार दारात आली की पहिला महिनाभर सगळं लक्ष आवाजाकडे आणि पिकअपकडे असतं. कंबर बोलायला लागते ती पहिल्या लांबच्या फेरीत. कोल्हापूरहून पुणं साधारण २३० किलोमीटर, बंगळूर सहाशेच्या वर, आणि गोव्याला जायचं तर बहुतेक जण आंबोली उतरून जातात. रंकाळ्याभोवती फिरताना झकास वाटणारी सीट कराड यायच्या आत टोचायला लागते. उलट, पहिल्यांदा बसल्यावर फळीसारखी कडक वाटलेली सीट कधी कधी धारवाड ओलांडलं तरी जाणवतही नाही.

उशा, गाद्या, कुशनवाले, फिजिओथेरपिस्ट, या सगळ्या वाटेनं मी गेलो आहे. नव्या माणसाला माझं सांगणं एवढंच : आधी आहे ती सीट नीट लावा, मग नेमकं कुठं दुखतंय ते शोधा, आणि खिशात हात त्यानंतर घाला. बाजारात जाऊन उशी आणणं सर्वात सोपं असतं, म्हणून लोक तिथूनच सुरुवात करतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

१. गाडी अजून घेतली नसेल तर

वापरलेली गाडी बघायला पुण्या-मुंबईला जाता तेव्हा इंजिन, सर्व्हिस रेकॉर्ड, टायर सगळं तपासता. त्यासोबत ड्रायव्हरच्या सीटवर निदान अर्धा तास बसून राहा. विकणारा कंटाळला तरी चालेल. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्याच सीट चांगल्या वाटतात.

एकाच मॉडेलमध्ये सीटचे वेगवेगळे प्रकार असतात हेही लक्षात ठेवा. पॉर्शच्या गाड्यांत १४ किंवा १८ तऱ्हांनी हलणाऱ्या सीट जादा पैसे भरून घेता येतात, आणि काही गाड्यांवर पाठ अजिबात न कलणारी बकेट सीटही असते. त्यामुळे मित्राच्या पॉर्श केमनमध्ये आराम वाटला म्हणून तुम्ही बघताय त्या केमनमध्ये तो मिळेलच असं नाही.

दाराकडच्या बाजूचा बोल्स्टर, म्हणजे सीटच्या कडेचा उठलेला भाग, हातानं दाबून बघा. चढता-उतरता सगळी झीज तिथंच होते. आतली लोखंडी चौकट हाताला लागली तर फोम संपलाय. सीटच्या सगळ्या मोटरी चालवून बघा. कंबरेचा टेकू हवेवर चालणारा असेल तर तो फुगवून दहा मिनिटं थांबा; हवा सोडत असेल तर तेवढ्यात कळतं.

२. सीट त्रास का देते ते समजून घ्या

स्पोर्ट्स कारमध्ये छत खाली, म्हणून बैठकही खाली. पाय समोर पसरतात. पाय पसरले की ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा मागे कलतो आणि कंबरेच्या मणक्यांची नैसर्गिक कमान सपाट होते. दोन तासांनी दुखतं ते इथं.

दुसरी गोष्ट फोमची. उंची वाचवायची म्हणून बैठकीचा फोम पातळ असतो. तिसरी, कडक सस्पेन्शन आणि कमी उंचीचे टायर. बसलेल्या माणसाला उभी थरथर सर्वात जास्त जाणवते ती सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी, आणि खराब डांबरावर कडक गाडी या पट्ट्यातही हादरते. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामात सेवा रस्त्यावरून गेला असाल तर वेगळं सांगायला नको.

बोल्स्टरचं काम वळणावर अंग धरून ठेवायचं. पन्हाळ्याच्या चढाला ते हवेच. सरळ हायवेवर मात्र तेच मांडीला दाबून बसतात. हे दोन्ही एकाच सीटनं करायचं असतं, त्यामुळे थोडी तडजोड राहणारच.

३. हाताशी काय हवं

- मोजपट्टी
- कोन मोजणारं मोबाइल अॅप
- एक पातळ टॉवेल किंवा पंचा
- कागदी चिकटपट्टी आणि पेन
- टायरमधली हवा मोजायचं मीटर
- गाडीचं मॅन्युअल

सीट खोलायची वेळ आली तरच टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानंच बोल्ट आवळणारा) आणि सहा पाकळ्यांचे टॉर्क्स बिट लागतील. तोपर्यंत विकत घेऊ नका.

४. सीट लावा, खालून वर

गाडी सपाट जागी उभी करा. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा आणि ते प्रवासातही परत घालू नका. बैठकीच्या एकाच हाडाखाली पाकीट असलं की कंबर तिरकी होते आणि कुल्ल्यातून पायात जाणाऱ्या नसेवर दाब येतो. प्रवासात जे बूट घालणार तेच आत्ता घाला. आपल्याकडं घरातून कापशी चप्पल घालूनच गाडीत बसायची सवय असते. तिचा कडक तळ पेडलवर सरकतो आणि टाच मोकळी राहते. पातळ तळाचा, टाच धरणारा बूट बरा.

आता क्रमानं करा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक गोष्ट हलवली की पुढची बदलते.

बूड आधी : आत बसताना बूड आधी टेका, मग दोन्ही पाय एकदम आत घ्या. नंतर बूड सीटच्या अगदी कोपऱ्यात मागे रेटा. पाठ आणि सीट यांच्यात मोकळी जागा राहिली तर पुढचं सगळं फुकट.

उंची : स्पोर्ट्स कार म्हणून सीट तळाला न्यायचा मोह होतो. डोक्यावर चार बोटं जागा उरेल इतकी वर घ्या. बैठक जरा वर आली की गुडघे खाली येतात आणि कंबरेची कमान थोडी परत मिळते. माझ्या मते या एका बदलानं जितका फरक पडतो तितका कुठल्याही उशीनं पडत नाही.

अंतर : ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात बाक राहिला पाहिजे. गिअर हाताचे असतील तर हे क्लचवर तपासा.

बैठकीचा कोन : पुढची कड वर-खाली होत असेल तर ती मांडीला हलकी टेकेल इतपत उचला. गुडघ्यामागं आणि सीटच्या कडेत दोन-तीन बोटं जातील एवढी जागा हवी. कड जास्त वर गेली की पायाला मुंग्या येतात.

पाठ : बैठकीशी साधारण १०० ते ११० अंशाचा कोन. मोबाइल पाठीला लावला की अॅपवर कळतं. याहून जास्त कलंडलात तर मान पुढं काढून बसावं लागतं, आणि अपघातात कंबरेचा पट्टा पोटावर सरकण्याची भीती असते.

स्टिअरिंग : खांदे सीटला टेकलेले ठेवून हात लांब करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात टेकलं की अंतर बरोबर. मात्र छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर ठेवा, एअरबॅगला तेवढी जागा लागते.

हेडरेस्ट : वरची कड डोक्याच्या माथ्याइतकी, आणि डोक्यापासून शक्य तितकी जवळ. बऱ्याच स्पोर्ट्स सीटना हेडरेस्ट पाठीतच जोडलेलं असतं, हलत नाही. तिथं पाठीचा कोन थोडा बदलूनच जमवावं लागतं. मानेची उशी लावू नका. ती डोकं पुढं ढकलते.

पट्टा : खालचा पट्टा पोटावर नको, खुब्याच्या हाडांवर हवा. वरचा खांद्याच्या मधून.

हे सगळं जमलं की सीटच्या रुळावर चिकटपट्टी लावून पेननं खूण करा आणि बाजूनं एक फोटो काढा. मेमरी बटण असेल तर तिथंही साठवा. वर्कशॉपमधून गाडी परत आली की सीट हमखास हललेली असते.

५. टॉवेलची चाचणी

कंबरेला आधार कमी पडतोय का, हे शोधायची फुकट रीत. पंचाची घट्ट वळी करा, मनगटापेक्षा थोडी बारीक. पँटच्या पट्ट्याच्या जरा वर, जिथं कंबर आत जाते तिथं आडवी धरून बसा. सुरुवातीला ती टोचतेय असं वाटलं तर जाड आहे. एक-दोन वेढे सोडा. बसल्यावर दोन मिनिटांत तिचा विसर पडला पाहिजे.

आता शिरोलीवरून हायवेला लागा, किणी टोलनाका ओलांडून पेठ नाक्यापर्यंत जा आणि परत या. येताना वळी काढून ठेवा. काढल्यावर कंबर लगेच कुरकुरली, तर तुम्हाला टेकू हवाय हे ठरलं, आणि किती जाडीचा हवाय तेही त्या वळीनं सांगितलं. सीटला स्वतःचा लंबर सपोर्ट, म्हणजे कंबरेचा टेकू, असेल तर तो तितका फुगवा. नसेल तर तेवढ्याच जाडीचा पातळ टेकू घ्या. ऑनलाइन मिळणाऱ्या बहुतेक उशा साध्या गाडीच्या सीटसाठी केलेल्या असतात. स्पोर्ट्स सीटच्या खोलगट पाठीत त्या माणसाला बाहेर ढकलतात आणि खांदे अधांतरी राहतात.

वळणांची चाचणी पन्हाळा रस्त्यावर घ्या. हायवे आणि घाट एकाच दिवशी करू नका. अंग आधीच थकलेलं असलं की दुसऱ्या चाचणीत सगळंच दुखतं.

६. कुठं दुखतं त्यावरून कारण ओळखा

बैठकीची दोन हाडं दुखत असतील तर फोम तळाला गेलाय. रिकाम्या सीटवर त्याच जागी मूठ जोरात दाबा. आतली तबकडी लागली की समजा.

मांडीच्या मागं बधिरपणा आला तर पुढची कड उंच आहे किंवा सीट लांब आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला वळ उठत असतील तर बोल्स्टर अरुंद पडतायत. काही गाड्यांत ते मोटरीनं उघडतात. आधी मॅन्युअल बघा, बऱ्याच जणांना आपल्या गाडीत ही सोय आहे हेच माहीत नसतं.

खांदे आणि मान धरली तर स्टिअरिंग लांब आहे. ते जवळ ओढा, नाहीतर पाठ उभी करा.

फक्त उजवा खुबा दुखतो, ही तक्रार जरा वेगळी. आपल्या उजव्या हाताच्या गाड्यांत पुढच्या चाकाची कमान पायाशी येते, म्हणून काही मॉडेलमध्ये पेडल मध्याच्या बाजूला सरकवलेली असतात. पाय डावीकडं, अंग सरळ, असा पीळ तासन्‌तास राहतो. सीटनं हे बरं होत नाही. डावा पाय डेड पेडलवर, म्हणजे डाव्या कडेच्या पाय टेकायच्या पट्टीवर, घट्ट रोवून ठेवा म्हणजे कंबर तरी फिरत नाही, आणि रस्ता मोकळा असेल तिथं क्रूझ कंट्रोल लावून उजवा पाय सोडवा. निपाणीच्या पुढं बेळगावपर्यंत ते जमतं. ऊसतोडीच्या दिवसांत गावाजवळच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मध्ये मात्र क्रूझला हात लावू नका.

कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ उतरत असेल, पावलाला बधिरपणा असेल, किंवा गाडीतून उतरल्यावर दुसऱ्या दिवशीही दुखत असेल, तर हा सीटचा विषय राहिला नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी, थेट हॉस्पिटलमध्ये.

७. टायर आणि सस्पेन्शन बघा

सीटवर खर्च करण्याआधी दाराच्या खांबावरचं हवेचं स्टिकर वाचा. हायवेला जायचंय म्हटलं की पंपावर सढळ हातानं हवा भरतात, आणि चार-पाच पीएसआय जादा झाले की तो धक्का सरळ कंबरेत येतो. सकाळी टायर गार असताना मोजा. स्टिकरपेक्षा कमीही करू नका : बारीक कडेच्या टायरमध्ये हवा कमी असली आणि खड्डा लागला की रिम वाकते. रनफ्लॅट टायरची, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या टायरची, कड मुळातच ताठ असते. टायर बदलायला आलेच असतील तर साधे टायर बसवता येतील का ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. बसवले तर पंक्चरची सोय वेगळी ठेवावी लागेल, कारण अशा गाड्यांत स्टेपनी बहुधा नसते.

डॅम्पर, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, मऊ करायची सोय असेल तर हायवेला कम्फर्टवर ठेवा. स्पोर्ट मोड आंबोलीसाठी राखा.

८. कुशनवाल्याकडं जाण्याआधी

फोम खरंच संपलाय असं ठरलं तरच हे करा. आपल्याकडं सीटचं काम करणारे हात चांगले आहेत. जुना कारागीर रिंगा कापून कव्हर सोडवतो, फोमवर तळहात फिरवतो आणि कुठं बसलाय ते डोळे मिटून सांगतो. मग लांब पातळ सुरीनं एकसारखा काप काढतो, सोल्यूशन लावून नवा तुकडा बसवतो आणि कडा इतक्या तासतो की जोड बोटाला लागत नाही. पण स्पोर्ट्स सीट त्यांच्याकडं रोज येत नाही, म्हणून काय हवंय ते तुम्हीच स्पष्ट सांगा.

वरून थर चढवू नका. वर इंचभर फोम घातला की डोकं छताला लागतं, खांदे बोल्स्टरच्या बाहेर येतात आणि पट्ट्याची जागा चुकते. दुखणाऱ्या जागेचा बसलेला फोम काढून तिथं नवा एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबला की लगेच उसळी घेणारा) फोम भरायला सांगा, म्हणजे उंची तीच राहते. बैठकीच्या हाडांखाली उथळ वाटीसारखा खोलगट भाग करून घेतला तर दाब मांड्यांवर वाटला जातो. नुसता मेमरी फोम घेऊ नका. तो उष्णतेनं मऊ पडतो, आणि एप्रिल-मेमध्ये तासाभरात पुन्हा तबकडी लागते. नवं कव्हर शिवणार असाल तर शिलाईची उभी रेघ बैठकीच्या हाडाखाली येऊ देऊ नका. रेक्झिनपेक्षा कापड बरं : घाम कमी, आणि ब्रेक मारल्यावर माणूस सरकतही नाही.

काही जागांना हात लावू द्यायचा नाही :

- पाठीची दाराकडची बाजू. तिथं बहुधा साइड एअरबॅग असते. तो फोम तासायचा नाही, आणि त्यावरून शिवणारं जाड कव्हर चढवायचं नाही. सगळ्या गाड्यांना बसणारी तयार कव्हरं इथंच घात करतात.
- शेजारच्या सीटच्या बैठकीत माणूस ओळखणारा सेन्सर असतो. त्यावर फोम बदलला तर एअरबॅगचा हिशेब चुकू शकतो.
- सीट गरम किंवा गार करणाऱ्या सीटमधली जाळी आणि भोकं.

सीट गाडीतून काढायची झाली तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तितका वेळ थांबा, आणि मगच सीटखालचा पिवळा कनेक्टर काढा. तो सुटलेला असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि बहुधा स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. परत बसवताना बोल्ट टॉर्क पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्यावरच आवळा.

आता उद्यमनगरबद्दल, म्हणजे कोल्हापुरातल्या लेथ-वर्कशॉपच्या वस्तीबद्दल. सीटची पुढची कड उचलायला खाली जाड वॉशर किंवा पट्टी घालायची, हा उपाय तुम्हाला कोणीतरी सुचवेलच, आणि उद्यमनगरात ते लेथवर तासाभरात करूनही मिळेल. तिथल्या कामाबद्दल मला आदर आहे. तरीही अपघातात तुमच्या अंगाचा सगळा भार याच चार बोल्टवर येतो. पट्टी घातली की बोल्टचे आटे कमी बसतात; लांब बोल्ट टाकला तर तो मूळच्याच ग्रेडचा असेल याची खात्री हवी, आणि ग्रेडचा आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. कंपनीचा भाग मिळत नसेल तर माझ्या मते हा उपाय सोडून द्या.

९. पूर्ण सीटच बदलायची असेल तर

शेवटचा उपाय. रेकारोसारख्या नामांकित सीट कंपन्यांच्या नावाचे स्टिकर लावलेल्या नकली बकेट सीट बाजारात सर्रास मिळतात. दिसायला रुबाबदार, आत पातळ पत्रा. दुसरा सापळा असा की मूळ सीटमधली साइड एअरबॅग गेली की दिवा पेटतो, आणि तो विझवायला काही जण एक छोटा रेझिस्टर जोडून देतात. दिवा विझतो, पण एअरबॅग परत येत नाही. असं करून देणाऱ्याकडं दुसरं कुठलंही काम देऊ नका.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून शक्यतो त्याच मॉडेलची कंपनीचीच दुसऱ्या प्रकारची सीट शोधा. त्याआधी एवढी कागदपत्रं एका फोल्डरमध्ये ठेवा :

- आरसीची प्रत
- विमा पॉलिसी, आणि बदलाबद्दल विमा कंपनीला पाठवलेलं पत्र किंवा मेल
- वॉरंटी शिल्लक असेल तर तिच्या अटी
- सीटचं बिल, त्यावर पार्ट नंबरासह
- काम करण्यापूर्वीचे फोटो, आणि जुनी सीट स्वतः

जुनी सीट विकू नका. पुढं गाडी विकताना घेणारा तीच मागतो.

१०. निघायच्या दिवशी

दीड-दोन तासांनी उतरा, दुखत नसलं तरी. पुण्याला जाताना कराडच्या पुढं एकदा आणि खंबाटकीच्या आधी एकदा थांबलं की पुरतं. उतरून लगेच चहाच्या बाकावर बसू नका. दाराला धरून टाचा वर-खाली करा, एक पाय मागं घेऊन खुब्याचा पुढचा भाग ताणा, कंबरेवर हात ठेवून हळूच मागं वाका. मग चहा. निघताना पोटभर जेवण टाळा; भरल्या पोटावर पट्टा आवळतो आणि माणूस नकळत पुढं सरकून बसतो.

तासाभरानं पाठीचा कोन एक-दोन अंश बदलत राहा, पण गाडी उभी करून. दाबाची जागा बदलली की तेच स्नायू सारखे ताणले जात नाहीत.

११. शेजारची सीट विसरू नका

बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये शेजारच्या सीटला ड्रायव्हरच्या सीटइतक्या सोयी नसतात. उंची बदलत नाही, कंबरेचा टेकू नसतो. बायको किंवा आई बरोबर असेल तर तिच्यासाठीही टॉवेलची चाचणी करा, तिच्या मापाची वळी वेगळी निघेल. पाय टेकत नसतील तर पायाखाली घट्ट, न सरकणारा पाट किंवा फोमचा ठोकळा द्या. तो तिच्या बाजूच्या कोपऱ्यात नीट अडकला पाहिजे, पेडलकडं येता कामा नये. पाठ झोपवून झोपू देऊ नका, आणि डॅशबोर्डवर पाय तर अजिबात नको, त्यामागं एअरबॅग असते. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला खाली बसणं सोपं जातं, उठणं अवघड. गाडी उंच फूटपाथला किंवा कट्ट्याला चिकटून लावू नका, पाय सपाट रस्त्यावर टेकतील इतकं अंतर ठेवा, कारण पाय कट्ट्यावर आले की उठणं आणखी अवघड होतं, आणि त्यांनी दोन्ही पाय आधी बाहेर टेकवल्यावरच हात द्या.